घरून पाहिलेला सॅटेलाइट ट्रॅकर: अ‍ॅपलेशियन ट्रेलवरच्या मुलीसाठी घेतलेल्या यंत्राचे परीक्षण

सॅटेलाइट ट्रॅकरची जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती जवळजवळ सगळी हे यंत्र सॅकच्या पट्ट्याला अडकवून चालणाऱ्यांनी लिहिलेली असतात. वजन किती, बॅटरी किती दिवस पुरते, पावसात टिकते का, याची उत्तरे त्यांत मिळतात आणि ती उपयोगाचीही असतात. मात्र हे यंत्र घ्यावे असा आग्रह बहुधा घरच्यांचा असतो, त्याचे मासिक पैसे अनेकदा घरचेच भरतात आणि त्याने पाठवलेला नकाशावरचा ठिपका रात्री-अपरात्री उघडून पाहणारेही घरचेच असतात. त्यांच्या बाजूने हे यंत्र कसे आहे, हे लिहिलेले मला कुठे सापडले नाही. म्हणून हे परीक्षण नाशिकमधल्या आमच्या घरातून, ठिपका पाहणाऱ्यांच्या वतीने लिहीत आहे.

आमच्या मुलीचे पाय अंजनेरी, हरिहर आणि साल्हेरवर घडलेले. डोंगर तिला नवा नव्हता. नवे होते ते अंतर. अ‍ॅपलेशियन ट्रेल ही अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगररांगांतून जाणारी पायवाट जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. बेंटन मकाय यांनी तिची कल्पना १९२१ मध्ये मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग चालता येण्याजोगी झाली. झाडांवर आणि खडकांवर रंगवलेले पांढरे पट्टे पाहत चालायचे, दर चार-पाच दिवसांनी जवळच्या गावात उतरून शिधा भरायचा, की पुन्हा वर. एका मोसमात सगळी वाट चालायला पाच ते सात महिने लागतात, आणि तसा निश्चय करून निघालेल्यांपैकी चौघांतला साधारण एकच शेवटपर्यंत पोहोचतो. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत एका वेळी बहुधा सहा महिनेच राहता येत असल्यामुळे भारतातून जाणाऱ्याला मुदतीचाही काटा सांभाळावा लागतो. ती मार्चच्या अखेरीस एकटीच निघाली.

ट्रॅकर घ्यायचाच, हे तिच्या आईने आणि मी ठरवले ते एका घटनेविषयी वाचल्यावर. जुलै २०१३ मध्ये मेन राज्यात याच वाटेवर चालणारी ६६ वर्षांची एक महिला नैसर्गिक विधीसाठी वाटेपासून थोडी बाजूला गेली आणि तिला परतीची वाट सापडली नाही. तिने मोबाइलवरून पतीला मदतीचे संदेश पाठवण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न केला, पण रेंज नसल्यामुळे त्यांतला एकही पोहोचला नाही. ती त्यानंतर कित्येक दिवस जिवंत होती, वहीत लिहीत होती. तिचे अवशेष ऑक्टोबर २०१५ मध्ये मिळाले, तेही वाटेपासून साधारण तीन किलोमीटरच्या आत. तिचे ट्रॅकिंग यंत्र आधीच्या मुक्कामी मॉटेलच्या खोलीत राहून गेले होते. हे वाचून आम्ही मुलीला यंत्र घ्यायला सांगितले, आणि त्याहून अधिक आग्रहाने हे सांगितले की ते सॅकच्या आत ठेवायचे नाही. अंगावर असले पाहिजे, आणि सॅक उतरवून दहा पावले बाजूला जायचे असले तरी बरोबर न्यायचे. पुढे जे काही लिहिले आहे त्यातली सगळ्यांत महत्त्वाची सूचना हीच आहे, म्हणून ती आधी सांगितली.

या यंत्रांची जी नावे ऐकू येतात त्यांत गार्मिनचे इनरीच, झोलिओ आणि स्पॉट ही प्रमुख आहेत. पहिली दोन इरिडियमच्या उपग्रहांवर चालतात, स्पॉट ग्लोबलस्टारच्या. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरत असतात, त्यामुळे पृथ्वीवर कुठेही, आकाश मोकळे असेल तर, डोक्यावर एखादा उपग्रह सापडतोच. यंत्र मुठीत मावेल एवढे असते. लहान प्रकारचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास. ते ठरावीक वेळाने स्वतःचे स्थान उपग्रहाकडे पाठवते आणि घरच्यांना एका वेबपानावरच्या नकाशात तो ठिपका दिसतो. त्याखेरीज बहुतेक यंत्रांवरून छोटे संदेश पाठवता आणि घेता येतात, आधी लिहून ठेवलेले दोन-तीन ठरीव संदेश एका बटणावर जातात, आणि संकटाच्या वेळी दाबायचे एसओएसचे वेगळे बटण असते, ज्याचा संदेश चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राकडे जातो. आम्ही यांपैकी कोणत्या कंपनीचे यंत्र घेतले हे लिहीत नाही, कारण जे बरे-वाईट अनुभव आले ते मुख्यतः या सेवेच्या स्वरूपातून आले. दुसऱ्या कंपनीचे यंत्र असते तरी त्यांतले बहुतेक आलेच असते.

सुरुवातीला सगळ्यांत जड गेले ते वेळेचे गणित. उन्हाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो. ती सकाळी सातला चालू लागली की आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि संध्याकाळी साडेपाचला मुक्कामी टेकली की नाशिकमध्ये पहाटेचे तीन. म्हणजे तिच्या दिवसाचा उत्तरार्ध, जेव्हा पाय थकलेले असतात आणि पाय घसरण्याची शक्यता अधिक असते, तो नेमका आपल्या झोपेच्या वेळेत येतो. माझी पत्नी पहिल्या काही आठवड्यांत तीन वाजता उठून ‘मुक्कामी पोहोचले, सगळे ठीक’ हा ठरीव संदेश आल्याची खात्री करूनच पुन्हा झोपत असे. पुढे आम्ही फोनमध्ये त्या एका ई-मेल पत्त्यासाठी वेगळा आवाज लावला आणि बाकी सूचना रात्रीपुरत्या बंद केल्या. ज्यांना हे यंत्र घ्यायचे आहे त्यांनी ही व्यवस्था पहिल्या दिवसापासूनच करावी. संदेश एसएमएसऐवजी ई-मेलवर घ्यावेत, कारण परदेशातून येणारे एसएमएस आपल्याकडे कधी तासाभराने पोहोचत, कधी पोहोचतच नसत. ई-मेल मात्र नेहमी आले, आणि त्यातल्या दुव्यावरून उलट उत्तरही लिहिता येत होते. आमच्या सेवेत संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा होती आणि देवनागरीत लिहिल्यास ती आणखी आक्रसत असे, म्हणून आमचा सगळा पत्रव्यवहार रोमन लिपीतल्या मराठीत झाला.

ठिपका का थांबतो, हे प्रत्येक कुटुंबाने निघण्यापूर्वी समजून घ्यायला हवे. अ‍ॅपलेशियन ट्रेलचा बराचसा भाग दाट पानझडी जंगलातून जातो. मार्च-एप्रिलमध्ये झाडे उघडी असतात तेव्हा दर दहा मिनिटांचा ठिपका जवळजवळ नियमित येतो. मे महिन्यात पालवी दाटली की त्याच यंत्राचे दोन-तीन ठिपके गळतात, आणि खोल घळीत, जिथे आकाशाची पट्टीच अरुंद असते, तिथे तास-तासभर काहीच येत नाही. रात्री मुक्कामाचे जे लाकडी निवारे असतात त्यांच्या छपराखालूनही ठिपका जात नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये याचा आम्हाला चांगलाच ताण आला. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातून ही वाट सुमारे ११५ किलोमीटर जाते आणि ठरलेल्या निवाऱ्यांतच मुक्काम करण्याचा नियम आहे. त्या दिवशी वर गारांचा पाऊस आणि धुके होते हे हवामानाच्या नकाशावर दिसत होते, आणि तिचा शेवटचा ठिपका कड्यावरच्या उघड्या भागात थांबलेला होता. तिथून पुढे काही नाही. नाशिकमध्ये उजाडले, दुपार झाली, तरी तो ठिपका तिथेच. प्रत्यक्षात ती त्या ठिपक्यापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या निवाऱ्यात इतर दहा-बारा जणांबरोबर कोरडी बसलेली होती, आणि बोटे गारठल्यामुळे तिने यंत्र झोपायच्या पिशवीत आत घेतले होते. यंत्रात कोणताच दोष नव्हता. पण थांबलेल्या ठिपक्यामागे विश्रांती आहे की अपघात, हे सांगण्याची कोणतीही सोय या सेवेत नाही, आणि माझ्या मते ती तिची सर्वांत मोठी मर्यादा आहे.

यावर आम्ही जो तोडगा काढला तो यंत्रातला नाही, पण त्यानेच यंत्र उपयोगाचे झाले. मुलीने आदल्या दिवशीच पुढच्या मुक्कामाचे नाव कळवायचे असे ठरले. ही कल्पना माझ्या आईची. तिने तरुणपणी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर पायी वारी केलेली आहे, आणि त्या काळी घरच्यांकडे फोनही नव्हता. तरी कोणत्या तिथीला दिंडीचा मुक्काम कुठे हे घरात माहीत असे आणि तेवढ्यावर माणसे निश्चिंत असत. नात अमेरिकेत चालू लागल्यापासून तिने नकाशा फारसा पाहिला नाही, ती फक्त ‘आज मुक्काम कुठे’ एवढेच विचारी. मी मग वाटेवरच्या निवाऱ्यांची यादी छापून भिंतीवर लावली. हे निवारे सरासरी १३ किलोमीटरच्या अंतराने आहेत, त्यामुळे ती आज एक टप्पा करणार की दोन हे दुपारीच कळे, आणि ठिपके गळले तरी रात्री तो त्या नावाजवळ पोहोचला की पुरे होत असे. दहा मिनिटांच्या ठिपक्यांपेक्षा या यादीने आमच्या घरात अधिक झोप मिळवून दिली.

दुसरी गोष्ट गाड्यांची. शिधा भरण्यासाठी गावात जायचे तर वाट जिथे डांबरी रस्त्याला छेदते तिथून बहुतेक हायकर मिळेल त्या गाडीतून जातात. नकाशावर मात्र जो ठिपका दिवसभर तासाला तीन-चार किलोमीटर सरकत होता तो अचानक तासाला ८० किलोमीटरच्या वेगाने डोंगरापासून दूर जाताना दिसतो. परक्या देशात, एकट्या मुलीच्या बाबतीत, हे पाहताना घरच्यांचे काय होते ते सांगायला नको. त्यानंतर ‘गावात जाते आहे, गाडीत बसले’ हा तिसरा ठरीव संदेश आम्ही भरून घेतला आणि बसण्यापूर्वीच तो पाठवायचा असे ठरवले. ठरीव संदेश फुकट आणि अमर्याद असतात, निदान आमच्या योजनेत होते, तेव्हा त्यांचा असा नेमका वापर करावा. ‘सगळे ठीक’ अशा सर्वसाधारण मजकुरावर त्यांच्या दोन-तीन जागा वाया घालवू नयेत.

कारण ‘सगळे ठीक’ या संदेशावर किती विसंबावे, हे आम्हाला व्हर्जिनियात कळले. व्हर्जिनियातून ही वाट सुमारे ८८५ किलोमीटर जाते, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला, शेवट अजून डोळ्यांपुढे नाही, रोज सारखेच जंगल. अनेक जण इथेच वाट सोडतात. तिचा संध्याकाळचा संदेश रोज येत होता, त्यात एका शब्दाचा फरक नव्हता. फरक ठिपक्यांत होता. आधी दहा मिनिटांच्या दोन ठिपक्यांत सहाशे-सातशे मीटर अंतर असे, ते चारशेवर आले. चढावर वेग पूर्वीसारखाच, उतारावर मात्र ठिपके एकमेकांना चिकटलेले. दमलेला माणूस चढावर मंदावतो, उतारावर मंदावतो तो दुखणे असलेला. सह्याद्रीत फिरलेल्या कोणालाही हे माहीत असते. तिच्या आईने वेगळीच गोष्ट टिपली होती: दुपारच्या जेवणाचा थांबा पूर्वी अर्ध्या तासाचा असे, तो दीड तासावर गेला होता. आम्ही दोघांनी आपापले निरीक्षण एकमेकांपासून दोन दिवस लपवून ठेवले आणि मग एका रात्री बोललो. पत्नीने संदेश लिहिला, ‘उतारावर हळू चालते आहेस. गुडघा की नडगी?’ दोन तासांनी उत्तर आले, ‘नडगी. तुम्हाला कसे कळले? काळजी कराल म्हणून लिहिले नाही.’

या यंत्राचे मोल मला विचाराल तर ते या एका संदेशात आले. सह्याद्रीत असती तर संध्याकाळी घरी आल्यावर तिची चाल पाहून आईला जे कळले असते, तेच हजारो किलोमीटरवरून ठिपक्यांच्या अंतरावरून कळले. फोनवर माणूस आवाज सांभाळून बोलू शकतो, ठरीव संदेश तर नेहमी सारखाच असतो, पण चालण्याचा वेग लपवता येत नाही. त्यानंतर तिने पुढच्या गावी उतरून डॉक्टरला दाखवले, हाडाला तडा नव्हता, पण विश्रांती अटळ होती. ती गावातल्या हॉस्टेलमध्ये राहिली आणि आमच्या नकाशावर एकच ठिपका एका गल्लीत कितीतरी दिवस थांबून राहिला. या वेळी त्या थांबलेल्या ठिपक्याची भीती वाटली नाही. दुःख वाटले ते वेगळ्या कारणाने: व्हिसाच्या तारखेशी जुळवलेले सगळे वेळापत्रक त्या गल्लीत संपत चालले होते आणि ते आम्हाला इथे बसून दिवसागणिक दिसत होते. ज्या कुटुंबांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी याचीही मनाची तयारी ठेवावी. आनंदाचे दिवस हायकर स्वतः फोटो पाठवून सांगतो. निराशेचे दिवस ट्रॅकर सांगतो, आणि त्यावर आपल्या हातात धीर देण्यापलीकडे काही नसते. तिला परत ये असे आम्ही लिहिले नाही. लिहावेसे वाटले होते.

मधल्या काळात पैशांचा एक घोळ झाला, तो भारतातून पैसे भरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावा. यंत्राची योजना मासिक असते आणि पैसे कार्डावरून आपोआप वळते होतात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरच्या अशा आवर्ती वसुलीसाठी आधी नोंदणी आणि अतिरिक्त पडताळणी लागते, आणि परदेशी विक्रेत्यांच्या बाबतीत ती जुळतेच असे नाही. पहिल्या महिन्याचे पैसे मी स्वतः ओटीपी टाकून भरले होते, ते सुरळीत गेले. पुढची वसुली बँकेने नाकारली, ग्राहक सेवा केंद्राने ती विक्रेत्याची अडचण असल्याचे सांगितले, विक्रेत्याने बँकेची. दरम्यान सेवा स्थगित झाली आणि ठिपका थांबला. ती तेव्हा नेमकी मोबाइलची रेंज असलेल्या कड्यावरून चालत होती म्हणून फोनवर खुलासा झाला. त्यानंतर अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या कार्डावर योजना वळवली आणि पुन्हा त्रास झाला नाही. ज्यांचे तिकडे कोणी नाही त्यांनी पूर्ण मोसमाचे पैसे एकदम भरता येतात का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे; माणसाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेली सेवा एका नाकारलेल्या व्यवहारामुळे बंद पडू नये.

एसओएसच्या संपर्कासाठीही भाच्याचेच नाव पहिले दिले. बटण दाबले गेले तर मदत केंद्र आधी यंत्रधारकाशी संदेशाने बोलते आणि मग नोंदवलेल्या नातेवाइकांना फोन करते. पहाटे तीन वाजता अनोळखी परदेशी क्रमांकावरून आलेला फोन आपल्याकडे स्पॅम म्हणून दाखवला जातो, कधी वाजतही नाही. नशिबाने ते बटण दाबण्याची वेळ आली नाही, त्यामुळे त्या सेवेविषयी मी काही सांगू शकत नाही.

नकाशाच्या दुव्याबद्दल थोडे. आम्ही तो सुरुवातीला सगळ्या नातेवाइकांना दिला होता, आणि हेतू चांगला होता. पण ठिपका दोन तास हलला नाही की सिन्नरहून, मालेगावहून, पुण्याहून फोन येत, आणि ज्या घरात आधीच धाकधूक आहे त्या घरात आणखी चार जणांची धाकधूक येऊन पडे. शेवटी पानाला पासवर्ड लावला, जी सोय बहुतेक सेवांत असते, आणि बाकीच्यांना रोज रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मीच मुक्कामाचे नाव आणि त्या दिवसाचे किलोमीटर लिहून पाठवू लागलो. एकट्या मुलीचे स्थान दर दहा मिनिटांनी दाखवणारे पान उघडे ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन असताना हा खर्च कशाला, असे अनेकांनी विचारले. ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालते आणि त्याला मोबाइलचे नेटवर्क लागते. या वाटेवर कड्यांवर ते बऱ्याचदा असते, दऱ्यांत नसते, आणि काळजी दऱ्यांचीच असते. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनांत अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ पासून उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवण्याची सोय आहे, ती चांगली आहे, पण ती संकटासाठी आहे. दिवसभर आपोआप मागोवा ठेवणे हे तिचे काम नव्हे, आणि फोनची बॅटरी नकाशे आणि फोटो यांतच संपते. ट्रॅकरची बॅटरी या सगळ्या काळात कधीच अडचणीची ठरली नाही.

यंत्राचे सर्वांत चांगले रूप न्यू हॅम्पशायरमध्ये दिसले. तिथल्या व्हाइट माउंटन्समध्ये वाट झाडांच्या रेषेच्या वर जाते, आकाश पूर्ण मोकळे, आणि ठिपके एकही न गळता ओळीने येऊ लागले. माउंट वॉशिंग्टन १,९१७ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा फार नाही, पण १२ एप्रिल १९३४ रोजी तिथे ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदवला गेला आहे आणि भर उन्हाळ्यातही तिथले हवामान काही तासांत जीवघेणे होऊ शकते. यंत्रावरून जागेनुसार हवामानाचा अंदाज मागवता येतो. तिने तो मागवला, वाऱ्याचा वेग पाहिला आणि एक दिवस खालीच काढला. तसे आम्हाला कळवलेही. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास ठिपका शिखरावर पोहोचला तेव्हा माझी आईही जागी होती, आणि आम्ही चौघे, म्हणजे धाकट्यासह, तो पुढे सरकेपर्यंत पडद्यापुढे बसून होतो. तो आनंद या सेवेनेच दिला. मोबाइलवर फोटो दुसऱ्या दिवशी आला.

आता भारतातल्या वापराविषयी, कारण नाशिकमधले ट्रेकर मित्र पहिल्यांदा हेच विचारतात. असे यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगता किंवा वापरता येत नाही. परदेशी पाहुण्यांना अशा यंत्रांवरून आपल्या विमानतळांवर अडवून पोलिसांच्या ताब्यात दिल्याच्या बातम्या अलीकडे आल्या आहेत. तेव्हा सातमाळा रांगेत किंवा सेलबारी-डोलबारीत वापरण्यासाठी ते मागवण्याचा विचार करू नये, आणि परदेशात घेतले असेल तर परत येताना सामानात आणू नये. याचा एक परिणाम असा की निघण्यापूर्वी घरी बसून त्याची रंगीत तालीम करता येत नाही. ती न्यू जर्सीत भाच्याकडे उतरली, तिथे यंत्र सुरू केले आणि पहिले दोन दिवस त्याच गावात फिरून आम्ही दोन्ही टोकांनी सगळे तपासले: ठिपका, संदेश, उलट उत्तर, पासवर्ड. हे दोन दिवस प्रवासाच्या आखणीत धरायलाच हवेत.

किंमत म्हणाल तर लहान यंत्राला सुमारे ४०० डॉलर आणि योजनेला महिन्याला साधारण १५ ते ५० डॉलर, ठिपक्यांची वारंवारता आणि मोकळ्या, म्हणजे स्वतः लिहायच्या, संदेशांची संख्या यांनुसार. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नाही. माझे मत असे की स्वस्त योजना घेऊ नये, पण सर्वांत महागडीचीही गरज नाही. जिच्यात मोकळे संदेश पुरेसे मिळतात ती घ्यावी. ठिपके दर दहा मिनिटांऐवजी अर्ध्या तासाने आले तरी चालतात. संदेश मात्र मोजून लिहावे लागले की हायकर नेमके तेच लिहायचे टाळतो जे आपल्याला कळायला हवे. सहा-सात महिन्यांसाठी एकटे कोणी अशा वाटेवर जात असेल तर हे यंत्र अवश्य घ्यावे, असे मी कोणत्याही आई-वडिलांना सांगेन. चार-पाच दिवसांच्या गजबजलेल्या ट्रेकसाठी त्याची आवश्यकता मला वाटत नाही.

व्हर्जिनियात गेलेले दिवस अखेर भरून निघाले नाहीत. व्हिसाची मुदत संपत आल्यामुळे तिला सप्टेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या गोरहॅम गावी वाट सोडावी लागली, आणि न्यू हॅम्पशायरमधला शेवटचा थोडा तुकडा व मेन राज्यातला सुमारे ४५० किलोमीटरचा भाग राहिला. यंत्र न्यू जर्सीत भाच्याच्या घरी आहे आणि योजना तिथूनच स्थगित करून ठेवली आहे, कारण आमच्या योजनेत मोसमाबाहेर पैसे भरण्याची सक्ती नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती तेवढ्या भागासाठी जाणार आहे. मेनमधल्या निवाऱ्यांची यादी मी काढायला घेतली आहे. त्यातला शेवटून दुसरा टप्पा शंभर मैलांच्या निर्जन जंगलाचा आहे, जिथे शिधा भरायला गाव नाही, आणि त्या भागापुरते ठिपके पुन्हा दहा मिनिटांवर ठेवायचे असे तिच्या आईने तिच्याकडून कबूल करून घेतले आहे.